न कापलेलं पुस्तक

वाचल्याने पुस्तक खराब होतं असं मनापासून मानणारा पुस्तकवेडा माणूस अख्ख्या आखातात एकच असेल, आणि तो नेमका मस्कतच्या रुवी भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणायची. नोकरी ड्राफ्ट्समनची, पण जीव शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी पुस्तकांत. दर सुट्टीत पुण्याच्या जुन्या पुस्तकवाल्यांशी हुज्जत घालून ते बॅग भरून पुस्तकं आणत. कपड्यांना जागा उरत नसे, म्हणून तीन शर्ट एकावर एक चढवून विमानात बसत. एकदा विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली, पिवळी पानं चाळली आणि "खलास, गो" म्हणत इतक्या कणवेने पाहिलं, की काकांना तो मोठा जाणकार वाटला. घरात एसी एकच, तो पुस्तकांच्या खोलीत. स्वतः ऐन जूनमध्ये हॉलमध्ये पंख्याखाली घामाघूम. "मला कसर लागत नाही," असं त्यांचं उत्तर.

मी तेव्हा स्वतःला थोर साहित्यप्रेमी समजत असे. पलीकडच्या कुरुम भागातल्या माझ्या ऑफिसात मराठी येणारा मी एकटाच, त्यामुळे माझी थोरवी तपासणारं कुणी नव्हतं. त्याच तोऱ्यात काकांकडे पुस्तक मागायला गेलो. त्यांनी आधी माझी बोटं हुंगली. "बरक्याच्या मासळीबाजारातली सुरमई. जा, साबण लावून ये." धुऊन आलो, तर म्हणाले, "कव्हर बघ नुसतं. आत काय, छापलेलंच असतं."

त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे गलबतातून मस्कतला आलेल्या एका कोकणी कारकुनाचं प्रवासवर्णन. त्या काळी काही पुस्तकांच्या घड्या न कापताच बांधत; वाचणाऱ्याने सुरीने पानं सोडवत वाचायचं. या पुस्तकाला शंभर वर्षांत सुरी लागली नव्हती, म्हणूनच काकांच्या लेखी ते अनमोल होतं.

"वाचावंसं नाही वाटत?" मी विचारलं.

"रोज वाटतं. कडेनं डोकावतो. गलबत वादळात सापडलंय, एवढं कळलंय."

मग काचबिंदूने घात केला. ड्रॉइंगवरच्या रेषा दिसेनाशा झाल्या आणि अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, गोड बोलून नारळ दिला. बाकीची पुस्तकं कार्गोने पुण्याच्या एका ग्रंथालयाला गेली. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी मला बोलावलं, ते पुस्तक आणि स्वयंपाकघरातली सुरी माझ्यापुढे ठेवली.

"काप. मला आता दिसायचं नाही. तू वाच."

मी घडीत सुरी घातली आणि पहिलंच पान तिरकं फाटलं.

"फाटलं ना? ऐकलं मी. यल्ला, वाच."

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात भाषणं ठोकणारा मी त्या जुन्या मराठीत ओळीओळीला ठेचकाळत होतो. घाबरून वेग वाढवला, तर काका म्हणाले, "हळू. गलबत आहे, विमान नाही."

काका पुण्याला गेले, पुस्तक माझ्याकडे राहिलं. दर शुक्रवारी मी ते फोनवर वाचून दाखवायचो. गलबत वादळातून सुटलं, मस्कतला लागलं, कारकुनाने घराच्या आठवणीने पानंच्या पानं भरली. शेवटची घडी उरली तेव्हा मी सुरी उचलली.

"ती राहू दे," काका म्हणाले.

"अहो, तो घरी पोचला की नाही, ते त्यातच असणार!"

"मी पोचलोय ना घरी. बोलायला कुणी नाही रे इथे. त्याला राहू दे तिकडेच. तू पुन्हा पहिल्यापासून घे."

मी उठलो, साबणाने हात धुऊन आलो आणि त्या तिरक्या फाटलेल्या पानापासून पुन्हा वाचायला लागलो.