आत्यांची मराठी

आत्या प्रत्येक वाक्य आधी मोठ्यानं म्हणून बघत आणि मगच लिहीत. कानाला पटलं नाही तर ते कागदावर येत नसे. काशीत मंगला गौरीच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या अगदी समोर. त्यांच्या खिडकीतून एकच वाक्य निरनिराळ्या तऱ्हांनी ऐकू यायला लागलं की आई आम्हाला बजावायची, "आत्यांची कादंबरी चालू झाली, आता त्यांना हाक मारू नका." नात्यानं त्या आमच्या कुणी नव्हत्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. पण सगळा मोहल्ला त्यांना आत्याच म्हणे.

मी शिकून नोकरीला लागेपर्यंत तो आवाज बंद झाला होता. पुण्याचे त्यांचे जुने प्रकाशक वारले होते, त्यांच्या मुलाला कादंबऱ्यांत रस नव्हता. वाचकांची पत्रं येईनाशी झाली होती. आसपासच्या मराठी घरांतही नातवंडं हिंदीतच बोलत. "लिहू कुणासाठी?" आत्या म्हणायच्या. "इथं मराठी आता आरतीत आणि भांडणात उरली आहे."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होते. गोदौलियाच्या चौकाजवळ इंटरनेटचं एक दुकान निघालं होतं, आणि तिथं मला देशोदेशीच्या मराठी लोकांची एक चॅटरूम सापडली. मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तिथं लोक आपसात मराठीत बोलतात?" आणि त्या साडी बदलायला उठल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी कुणा दोघांना उद्देशून साष्टांग नमस्कारापासून सुरुवात केली. एका बोटानं, प्रत्येक शब्द तोंडानं म्हणत. प्रकृतीची चौकशी, हवापाणी, मग स्वतःची ओळख. एवढं होईपर्यंत ते दोघंही निघून गेले होते. "ही माणसं दारातून डोकावतात, पण बसत नाहीत," आत्या म्हणाल्या. देवनागरी तिथं उमटत नसे, मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावी लागे. 'घाट पाहिला की मन शांत होतं,' असं त्यांनी लिहिलं, तर कुणी तरी ते 'घात' वाचलं आणि घाबरून विचारलं, कुणाचा? त्या दिवशी घरी येईपर्यंत आत्या हसत होत्या.

दुकानाचा मालक मात्र वैतागला होता. "माताजी, थोड़ा धीरे बोलिए," तो म्हणाला.

"धीरे बोलूँगी तो लिखूँगी कैसे, भैया?" आत्यांनी विचारलं.

एकदा त्यांनी लिहिलं, 'सबेरेपासून बिजली नाही, त्यात छतावर वानरं येऊन वाळत घातलेली डाळ खाऊन गेली.' लगेच एका गृहस्थांनी कळवलं की यातले निम्मे शब्द मराठी नाहीत. आत्यांची बोटं थांबली. पुण्याचे मुद्रितशोधक जन्मभर त्यांचे असले शब्द काढून टाकत आले होते, आणि त्यांनी ते निमूटपणे काढू दिले होते. या वेळी त्यांनी आधी मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि मग लिहिलं, 'काशीत गंगा उत्तरेला वळते. म्हणून ती गंगा नाही असं कुणी म्हणत नाही.'

तेवढ्यात शरयू नावाच्या बाईनं विचारलं, 'वानरांचं पुढं काय झालं?'

शरयू कुठल्याशा बर्फाळ गावात राहायची. नवरा दिवसभर कामावर, शेजारी मराठी कुणी नाही. आत्यांनी तिला वानरांचं सांगितलं, मग शेजारणीचं, मग एका बाईची गोष्ट सुरू केली आणि ती लांबतच गेली. ठरलेल्या वारी त्या काशीच्या, आमच्या बोलण्यातल्या मराठीत पुढचा भाग सांगत. गल्लीतली खिडकी पुन्हा बोलू लागली. "पुढं काय, असं विचारणारं माणूस भेटलं गं," त्या मला म्हणाल्या. दुकानदारालाही सवय झाली. "शरयूजी का क्या हाल है?" असं तो आल्या आल्या विचारायचा.

मग एका वारी शरयू आली नाही. पुढच्या वारीही नाही. आत्या खुर्चीत बसून दार बघावं तशा पडद्याकडे बघत. चॅटरूममध्ये विचारलं, तर तिचं आडनावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. "पत्रावर निदान पत्ता असतो," आत्या म्हणाल्या. "आजारी असेल का गं? की घरी काही झालं असेल?" पुढं पुढं दुकानदारानंही विचारणं सोडलं. आत्यांना पाहून तो नुसतं पाणी आणून ठेवायचा.

गोष्ट मात्र आत्यांनी थांबवली नाही. "ती परत आली आणि मी अर्ध्यातच सोडलेली असली तर?" म्हणत त्यांनी ती पुरी केली. मराठवाड्यातल्या एका लहानशा प्रकाशकानं छापायची तयारी दाखवली आणि भाषा जराशी साफ करू का, असं विचारलं. मला वाटलं, नेहमीप्रमाणे हो म्हणतील. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "एकही शब्द बदलायचा नाही. जिच्यासाठी लिहिलं, तिला हेच शब्द आवडायचे." पुस्तक तसंच निघालं. फारसं खपलं नाही. आत्यांनी त्याची एक प्रत वेगळी काढून, कव्हर घालून कपाटात ठेवली. ती कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

माझं लग्न पुण्यात ठरलं. निघताना पाया पडले, तेव्हा त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

"तिकडं तुझी मराठी सुधारेल," त्या म्हणाल्या. "फार सुधारू देऊ नकोस."

मी पुण्यात रुळत होते तेव्हाच आत्या गेल्या. शरयूचं काय झालं ते कधीच कळलं नाही. आता फोनवर एखाद्याचं नाव घातलं की जगभरातले चेहरे समोर येतात. त्यांत कितीतरी शरयू असतात, पण कुणाला काय विचारावं ते मला सुचत नाही.

माझी मुलगी माझे शब्द दुरुस्त करते. "आई, सबेरे नाही, सकाळी." मी ऐकून घेते आणि थोड्या वेळानं पुन्हा सबेरेच म्हणते. तेवढ्यापुरतं, समोर आत्या बसल्या आहेत असं वाटतं.