ट्रूडीला कामावरून काढलं त्याची गोष्ट

ट्रूडी कोवालचिक आमची शेजारीण. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या आमच्या लहानशा गावात एकच दवाखाना, आणि तिथे ती वीसेक वर्षं नर्स होती. तपासून औषध लिहून द्यायचा परवाना असलेली. डॉक्टर आले नि गेले, ती राहिली. आधी घरचं विचारायची, मग दुखणं. माझ्या गुडघ्याइतकीच तिला माझ्या टोमॅटोंची काळजी असे.

पुढे एका मोठ्या कंपनीने दवाखाना विकत घेतला आणि या वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांच्या नव्या करारांवर सह्या घेतल्या. त्यात अट होती की नोकरी सुटल्यावर वर्षभर तीस मैलांच्या आत पेशंट तपासायचे नाहीत. ट्रूडीने सही करून टाकली. तिला कुठे जायचं होतं?

पण कर्टिस फेन्सल मॅनेजर म्हणून आला आणि तिचं मन उडालं. माणूस वाईट नव्हता, फक्त पेशंट आत गेला की हा घड्याळाकडे बघणार. इकडे गावच्या आगबंबवाल्यांनी आपल्या हॉलमागची रिकामी खोली तिला स्वतःचा दवाखाना थाटायला देऊ केली. तिच्यासारख्या नर्सवर कायद्याने डॉक्टरची देखरेख लागते, तिला पलीकडच्या गावचे एक म्हातारे डॉक्टर तयार झाले. अडलं होतं त्या अटीवर. शेवटी तिने ठरवलं, राजीनामा द्यायचा, वर्षभर डोंगरापलीकडे नोकरी करायची आणि मग गावात परतायचं.

गाडीत वाक्यं घोकत ती फेन्सलच्या खोलीत गेली. तोही त्या दिवशी तयारीतच बसला होता. तिने तोंड उघडण्याआधीच त्याने तिच्या संथपणाचा पाढा वाचला आणि वर म्हणाला, "बस झालं, मिसेस कोवालचिक. उद्यापासून येऊ नका."

जे मागायला गेली तेच मिळालं, तरी बाई गाडीत बसून रडली. सोडून जाणं वेगळं आणि हाकललं जाणं वेगळं, असं ती माझ्या बायकोला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आयडा रूपकडे गेली. आयडा म्हणजे आमच्या गावची वकील, मृत्युपत्रं करून देणारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू सोडलंस, की त्यांनी काढलं?"

"काढलं. अगदी तोंडावर."

आयडा खुर्चीतच हसायला लागली. ट्रूडीला राग आला. मग आयडाने समजावलं, की राज्याचा नवा कायदा यंदाच्या करारांना लागू आहे, आणि त्यात ट्रूडीसारख्यांना मालकानेच काढलं, तर ही अट त्यांच्यावर चालत नाही. "बाई, तू मोकळी आहेस. फेन्सलने तुझ्या राजीनाम्याची वाट पाहिली असती, तर त्याचंच साधलं असतं."

कंपनीच्या वकिलांनी हेच फेन्सलला सांगितलं असावं. आठवडाभरात त्याचा फोन आला, आवाजात नुसतं लोणी. काढलं म्हटलं की नाव खराब होतं, त्यापेक्षा राजीनामा द्या, आम्ही केक कापून निरोप देऊ, असं त्याचं म्हणणं.

"नको हो," ट्रूडी म्हणाली. "तुम्ही काढलंत तेच बरं आहे. केक तुम्हीच खा."

त्यानंतर कंपनीने तो विषय सोडून दिला.

शरद लागता लागता त्या खोलीत तिचा दवाखाना सुरू झाला. चर्चच्या बायकांनी पिएरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांची, परात पाठवली. काही न दुखणारेही रांगेत बसले, मी त्यातलाच. माझ्या पुढे लेस्टर ह्रुस्का होता, जुना खाणकामगार. ट्रूडीने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि नेमका भोंगा वाजला. भिंतीपलीकडून आगबंब दणाणत बाहेर पडला, खिडकीची काच थरथरली, आणि लेस्टरचा रक्तदाब असा चढला की ट्रूडीने यंत्र झटकून पाहिलं.

"जरा शांत बसा, आजोबा," ती म्हणाली. "बंब परत आला की पुन्हा बघू."

लेस्टरने परातीतली एक पिएरोगी उचलली आणि वाट बघत बसला.