टकटक आजोबांचा चष्मा

आमचे व्याही कुठल्याही वस्तूवर एकदम विश्वास ठेवत नसत; आधी ती वाजवून बघत. कलिंगड आणि नारळ तर कुणीही वाजवून घेतं. हे भिंत वाजवत, जेवणाचं टेबल वाजवत, दुकानातल्या पावालाही सोडत नसत. मधल्या बोटाचं पेर वाकवून दोनदा टकटक करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि मग निकाल द्यायचा. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला माझ्या लेकीच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी जिन्याजवळची भिंत वाजवली आणि मुलाला म्हणाले, "समीर, पुठ्ठ्याचं घर घेतलंस की रे." माझी नात सई तेव्हा सहा वर्षांची होती. तिने त्याच संध्याकाळी त्यांचं नाव टकटक आजोबा ठेवलं. मी त्यांना अण्णा म्हणत असे.

मिरजेत त्यांनी उभं आयुष्य सर्व्हेअर म्हणून विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात घालवलं. मालक काय सांगतो ते ऐकायचं आणि गाडी काय सांगते ते लिहायचं, असं ते त्या कामाचं वर्णन करत. त्यामुळे त्यांची भाषाही तशीच झाली होती. भात करपला की "टोटल लॉस." टीव्हीवर एखादा पुढारी फार गोड हसला की "ठोकलेला आहे, वरून रंग दिलाय." मला एकदा बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "नानासाहेब, तुम्हीही कधीतरी ठोकलेले दिसता. पण दुरुस्ती चांगली झालीय." माझी बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचीही गेली होती. त्या विषयावर आम्ही याहून जास्त कधी बोललो नाही.

ते तीन महिन्यांसाठी आले होते. मार्चमध्ये कोरोनामुळे विमानं बंद झाली आणि ते इथेच अडकले. मी रॉटरडॅमच्या एका जहाज कंपनीतून निवृत्त होऊन, तिथलं घर विकून लेकीकडे राहायला आलेलो. म्हणजे एका खोलीत दोन विधुर व्याही. मी मुलीचा बाप, त्यातून जावयाच्या घरात राहणारा. त्यामुळे खिडकीजवळचा पलंग त्यांना, पहिला चहा त्यांना, आणि ते खोलीत आले की मी उठून उभा. आठवडाभर त्यांनी हे सहन केलं. मग म्हणाले, "नानासाहेब, सरकारने दीड मीटर अंतर सांगितलंय. मानपानही दीड मीटर लांब ठेवा. माझी मान दुखते वर बघून." दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी उठले आणि चहा करून माझ्या उशाशी ठेवला. आलं इतकं घातलं होतं की मला ठसकाच लागला. "टोटल लॉस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. दोघेही हसलो, आणि त्यानंतर मी कधी उठून उभा राहिलो नाही.

समीर चिप बनवण्याची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत आहे. शांत मुलगा. त्याचं एकच वेड, जुनी अमेरिकन गाडी: लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरचं इंजिन गुरगुरणारी. त्या वसंतात अशी एक गाडी रॉटरडॅमजवळच्या एका शेडमध्ये विकायला निघाली. अडुसष्ट सालची, गडद हिरवी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, कडेला मोठ्या इंजिनाची अक्षरं. नेमका तेव्हाच समीरला खोकला झाला आणि मृणालने, म्हणजे माझ्या लेकीने, त्याला वरच्या खोलीत बंद केलं. गाडी बघायला मग आम्ही दोघे म्हातारे गेलो. मृणाल चालवत होती, आम्ही मागे दोन खिडक्यांना चिकटून बसलो होतो.

निघण्यापूर्वी समीरने दाराआडून कामं वाटून दिली होती. "बाबा, तुम्ही बॉडी बघा. नाना, तुम्ही नंबर बघा. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात आतून एक पट्टी आहे. तिसरा आकडा चार असेल तर गाडी कारखान्यातूनच आठ सिलिंडरची निघाली. तीन असेल तर सहाची, म्हणजे इंजिन कुणीतरी नंतर बसवलंय. मग घ्यायची नाही." अण्णा म्हणाले, "माझा मुलगा मला सर्व्हे शिकवतोय." पण खूश दिसत होते.

मृणाल बाहेर गाडीतच थांबली. शेडमध्ये भयंकर गारठा होता. इथले लोक तेव्हा मास्क लावत नसत. आम्ही मृणालने जुन्या सुती साडीचे शिवलेले जाड मास्क लावून गेलो होतो. अण्णा गाडीभोवती वाजवत फिरू लागले. मी विकणाऱ्या गृहस्थांशी डचमध्ये बोलत होतो. कितीतरी वर्षांनी माझ्या रॉटरडॅमच्या डचला काम मिळालं होतं, त्यामुळे जरा जास्तच बोलत होतो. मग काचेशी वाकलो. मास्कमधला श्वास वर आला आणि चष्म्यावर वाफ धरली. पुसला, पुन्हा धरली. चष्मा काढला तर नुसती चकाकणारी पट्टी दिसली. मागे तो गृहस्थ उभा होता, पलीकडे अण्णा उभे होते. नुकतंच मी त्याला सांगितलं होतं की आयुष्यभर जहाजांचे नकाशे तपासले आहेत. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "चार आहे."

अण्णांना मागच्या उजव्या मडगार्डमध्ये पोचा बुजवायला भरलेली पुट्टी सापडली. सगळीकडे पत्रा खणखणत होता, तिथे मात्र थप असा आवाज आला. "जुनी जखम आहे, लपवलेली नाही," ते म्हणाले. व्यवहार झाला.

चार दिवसांनी गाडी दारात आली. समीरचा खोकला गेला होता. तो गाडीपासून हलेना. शेजारी आपापल्या कुंपणामागून बघत होते. अण्णांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि लिंबं चिरडत गाडी पुढे गेली तेव्हा सई टाळ्या पिटत नाचली. मग ते सवयीने काचेशी वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

मी स्वयंपाकघरात होतो. ते आत आले आणि दार लोटून घेतलं.

"नानासाहेब, तुम्ही चार म्हणालात?"

"हो."

"तीन आहे."

मी गॅस बारीक केला. म्हणालो, "चष्म्यावर वाफ धरली होती."

"मग तसं सांगायचं."

"लाज वाटली."

त्यांनी ओट्यावर बोटाने दोनदा वाजवलं, पण या वेळी ऐकण्यासाठी नाही. मग म्हणाले, "चहा घेऊन या बाहेर," आणि गेले.

मी ट्रे घेऊन बाहेर आलो तेव्हा ते समीरला सांगत होते, "गाडी सहा सिलिंडरची निघालीय रे. मोठं इंजिन नंतर घातलंय. नंबर मी वाचला होता. व्याही वाचायला गेले, तर मीच म्हटलं, राहू द्या, हे माझं रोजचं काम. आणि मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली." समीरचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहा पुढे केला. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "साखर घातलीय."

समीर बॉनेटवर हात फिरवत राहिला. गाडी पाहून घेतलेली, परत करायची सोय नव्हती. अण्णाच म्हणाले, "गाडी खोटं बोलत नाहीये. तिच्यावर चिकटवलेली अक्षरं बोलतायत. ती काढ." त्या शनिवारी दोघांनी केस वाळवायच्या यंत्राने गरम करून, दोऱ्याने कापत, मोठं इंजिन मिरवणारी सगळी अक्षरं आणि पट्टे काढले. दुपारपर्यंत बापलेक शिट्ट्या वाजवत होते. साधी हिरवी गाडी उरली, आणि खरं सांगायचं तर ती जास्त छान दिसत होती. समीरचा तिच्यावर पुन्हा जीव जडला.

रात्री खोलीत मी अण्णांना विचारलं, असं का केलंत. ते पांघरूण झटकत होते. "मी पाहुणा. विमान सुरू झालं की जाणार. तुम्हाला याच घरात राहायचंय." मग दिवा मालवून म्हणाले, "आणि मुलीच्या बापाने किती वाकायचं? काचेशी वाकलात तेवढं पुरे."

तेव्हापासून घरात एक विनोद सुरू झाला. अण्णा भाजी निवडायला बसले, पत्ते खेळायला बसले की समीर म्हणे, "बाबा, आधी चष्मा पुसा." सईही म्हणायला शिकली. ज्या माणसाने मिरजेत एकही रंगवलेला डाग नजरेतून सोडला नव्हता, तो सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसायचा आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मीही हसत असे.

उन्हाळ्यात खास विमानं सुटू लागली. आम्ही त्याच गाडीने त्यांना स्खिपोल विमानतळावर सोडलं. प्रवाशांखेरीज कुणाला आत सोडत नव्हते, म्हणून निरोप बाहेरच झाला. समीर बॅगा काढत होता. अण्णा माझ्याजवळ आले, मागच्या उजव्या मडगार्डवर पुट्टीच्या जागी दोनदा वाजवलं. थप, थप. "अशी एक जागा आपलीही आहे, फक्त दोघांना माहीत," ते म्हणाले आणि मास्कआडून हसले. पुढच्या वर्षीच्या मोठ्या लाटेत ते गेले. आम्ही सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं.

विनोद मात्र राहिला. उलट त्यांच्या आठवणीने अधिकच मायेने राहिला, आणि मला तो दर वेळी टोचत गेला. गेल्या रविवारी गावात जुन्या गाड्या जमल्या होत्या. समीर काही डच लोकांना ही गोष्ट रंगवून सांगत होता. एक मिशीवाला म्हातारा पोट धरून हसला. "आणि तुझे वडील सर्व्हेअर होते?"

मी हातातली कॉफी बॉनेटवर ठेवली. "तो नंबर मी वाचला होता," मी म्हणालो. डचमध्येच म्हणालो, मिरवलं होतं त्याच भाषेत. "त्यांनी पाहिला तेव्हा बरोबर वाचला." मिशीवाला आपल्या बुटांकडे बघू लागला.

घरी परतताना समीरने गाडी हमरस्त्याला लावली. मग म्हणाला, "शेवटच्या फोनवरसुद्धा मी त्यांना चिडवलं, नाना. चष्मा पुसा म्हणून."

"काय म्हणाले?"

"पुसतोय, पुसतोय, म्हणाले." त्याने गियर बदलला. इंजिन गुरगुरलं. "तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

"माहीत नाही."

"चिडवलंच असतं. तुम्हाला."

मागे सई बसली होती. आता ती मोठी झाली आहे, मराठी सगळं समजतं, पण उत्तर डचमध्ये देते. या वेळी पुढे झुकली, माझ्या खांद्यावर बोटाने दोनदा वाजवलं आणि मराठीत म्हणाली, "नाना, चष्मा पुसा."

मी काढला आणि पुसला. खरंच धूसर झाला होता.