गोठ्यातल्या फोनचा पत्ता

मागच्या खेपेला आमची गाय भरदुपारी व्याली तेव्हा घरात कोणी नव्हतं. वासराच्या नाकातोंडावरचा पडदा कोणी काढला नाही, आणि ते गुदमरून मेलं. यंदा ती पुन्हा गाभण राहिली. दिवस भरत आले तेव्हा बाबा पाय मोडून ओटीवर, आई डहाणूकडे चिकूच्या वाडीत कामाला आणि मी चारोटीला नोकरीवर.

आमच्या पाड्यातला पहिला पदवीधर मी. वायफायही पहिलं आमच्याच घरी आलं, मी आणलं. जुने दोन मोबाइल होते, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. दोन्हींत कॅमेऱ्याचं ॲप टाकून एक गोठ्यातल्या खांबाला बांधला, दुसरा घरात राखीव ठेवला. बाबांच्या फोनवर त्याच्या वायफायवरच्या पत्त्याचं छोटं चित्र, म्हणजे आयकॉन, ठेवलं. दाबलं की गाय दिसायची.

पण तालुक्यात वीज येते तशी जाते. वीज आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि प्रत्येक फोनला मनाला येईल तो आकडा देतो. तोच त्या फोनचा पत्ता. आकडा बदलला की बाबांच्या चित्रामागे काहीच नाही.

"तुझा कॅमेरा झाई बंदराला गेला वाटतं, मच्छी आणायला," बाबा फोनवर म्हणाले.

संध्याकाळी घरी येऊन मी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून गोठ्यातल्या फोनच्या नावावर एक आकडा राखून ठेवला. गेल्या काही वर्षांतले फोन वायफायला आपली खरी ओळख देत नाहीत, ती सोयही त्या फोनमध्ये बंद केली. राउटरची वीज बंद करून पुन्हा चालू केली. गाय दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाबांचा फोन: "नाही दिसत. आज वीज गेलीच नाही."

राउटर तपासला, सगळं बरोबर. रविवारी सकाळी मी घरी होतो म्हणून कळलं. आई गोठ्यातून फोन घेऊन आली, चुलीजवळच्या प्लगला लावला आणि तिथला दुसरा उचलून निघाली.

"हे काय करतेस?"

"गोठ्यात प्लग कुठे आहे? याची बॅटरी उतरली की तो, त्याची उतरली की हा. पाळी लावलीय."

"आई, पत्ता एकालाच दिलाय!"

"मग दुसऱ्याने काय पाप केलं?"

बाबा ओटीवरून हसले. "कॉलेजात एकच फोन शिकवला असेल."

मी पुन्हा राउटर उघडला. दुसऱ्या फोनलाही कायमचा आकडा दिला आणि बाबांच्या फोनवर दुसरं चित्र ठेवलं. म्हटलं, एक उघडलं नाही तर दुसरं दाबायचं.

पुढच्या आठवड्यात दुपारी मी कामावर असताना बाबांचा फोन आला. मागे कोणीतरी मोठ्याने बोलत होतं.

"पाडी झाली गाईला. पाय बाहेर आलेले दिसले तशी शेजारच्या काकीला हाक मारली. तिने पाडीचं नाकतोंड पुसलं. उभी राहतेय."

"कोणत्या चित्रात दिसली? पहिल्या की दुसऱ्या?"

"ते काय करायचंय तुला? गाईला द्यायला गूळ नाही घरात. येताना घेऊन ये, काळा बघून घे."

मी साहेबांना सांगून लवकर निघालो.