त्र्यंबकलालांचा पेला

त्र्यंबकलाल जोशी जेतपूरच्या हायस्कूलमधून निवृत्त झाले त्या वर्षी कुणीतरी त्यांच्या हातात शिवांबूचं पुस्तक ठेवलं. तेव्हापासून अकरा वर्षं ते रोज सकाळी स्वतःचीच लघवी पीत आले. त्यांची बायको मुक्तागौरी तो काचेचा पेला मोरीत राखेनं घासायची आणि पालथा घालायची. पेला स्वयंपाकघरात येणार नाही, एवढी एकच अट तिनं मान्य करून घेतली होती.

त्या श्रावणात पेल्याचा वास बदलला. आधीही तो मोगऱ्याचा नव्हताच, पण आता घासताना तिला पदर नाकाला बांधावा लागे. तळाशी पांढरे धागे चिकटलेले असत. त्र्यंबकलाल मोरीत जाऊन तासभर कुंथत, थेंब थेंब गाळत बाहेर येत आणि दहा मिनिटांत परत पळत. लेंग्यावरचे पिवळे डाग ती काठीनं पाण्यात बुडवी. ते झोपाळ्यावरही एका कुल्ल्यावर तिरके बसत. आता तर दुपारची हुडहुडी भरू लागली होती.

"डॉक्टरकडे चला," ती म्हणाली.

"विकार बाहेर पडतोय. चांगलं लक्षण आहे."

"बाहेर पडलेली घाण परत आत ढोसता, ते कसलं लक्षण?"

"तुला शास्त्र कळत नाही."

शास्त्राचं नव्हतंच काही. दर रविवारी ओट्यावर पाच जण त्यांचं प्रवचन ऐकायला येत. गुरूच दवाखान्याची पायरी चढला तर काय राहिलं? आणि त्या पाच जणांपायी आपण कपाळ पांढरं करून घ्यायचं?

त्या रविवारीही ते तापानं फणफणत ओट्यावर बसले.

"साहेब, तोंड उतरलंय तुमचं," साडी छापणारे वजुभाई म्हणाले.

"उपवास आहे," म्हणत ते तिसऱ्यांदा उठून परसातल्या संडासाकडे गेले.

मुक्तागौरी मोरीत शिरली. बादलीमागे सकाळचा पेला झाकून ठेवलेला होता, तसाच भरलेला. म्हणजे आज त्यांच्याच्यानंही गिळवला नव्हता! गढूळ, गुलाबी, वर धागे तरंगत होते. तिनं तो दोन बोटांत धरला आणि ओट्यावर गाठियांच्या ताटलीशेजारी नेऊन ठेवला.

"साहेबांचं आजचं औषध. त्यांना नको झालंय. कोण घेतंय तुमच्यातलं?"

"काकी, उचला ते!" वजुभाईंनी रुमाल नाकावर दाबला. एकजण गटाराकडे धावला आणि भडाभडा ओकला.

त्र्यंबकलाल दाराची चौकट धरून उभे होते. वजुभाई त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, यात रक्त आहे. रिक्षा आणतो."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस?"

"चार दिवस."

"अडीच महिने," मुक्तागौरी म्हणाली आणि जळजळ, धागे, डाग, हुडहुडी, सगळं धडाधड सांगून मोकळी झाली.

पडद्यामागून त्र्यंबकलालांची किंकाळी आली. डॉक्टर हातमोजा काढत बाहेर आले. "प्रोस्टेटला संसर्ग झालेला दिसतोय. लघवी तपासू, म्हणजे नक्की कळेल. ताप आहे, आजच दाखल व्हा. पुढे गोळ्या काही आठवडे, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. घरी काही औषध घेत होता?"

पडद्यामागून आलेले त्र्यंबकलाल लेंग्याची नाडी बांधू लागले.

"सांगा की. पाच जणांना सांगता, यांना एकट्यांना सांगा."

शेवटी तिनंच सांगितलं.

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.