हाक एकाची, कान दुसऱ्याचे

"आत कोणी नाही हे माहीत असताना तू हाक कोणाला मारतोस, दादा?"

हा प्रश्न मी माझ्या थोरल्या भावाला सातपूरला विचारला, अंबडला विचारला, सिन्नरला विचारला. चहा पिताना विचारला, मोटरसायकलवर त्याच्या मागे बसून ओरडून विचारला. त्यानं एकदाही उत्तर दिलं नाही. "हेल्मेट नीट घाल," एवढंच म्हणायचा.

आमचं काम बंद पडलेले कारखाने उतरवायचं. अशा कामात किस्से भंगारासारखे साठत जातात. भंगार निदान टेम्पोत भरून रवाना करता येतं, किस्से कुठं पाठवणार? दादा गेल्यापासून रोज एखादा आपोआप वर येतो. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मला जसं सुचेल तसं सांगतो.

माणसं फार नाहीत. दादा म्हणजे संपत, आमचा मुकादम. रफिकचाचा गॅस कटर चालवतात. घोटीचा बबन पोकलेनवर असतो. आणि मी दिनू, जे पुढ्यात येईल ते करतो.

यंत्र सुरू करायच्या आधी आमची एक रीत होती. दादा एकटा आत जायचा आणि प्रत्येक खोलीत, प्रत्येक टाकीच्या तोंडाशी मोठ्यानं हाक मारायचा, "आत कोणी आहे का?" चाचा बाहेर उभे राहून ऐकायचे. हाक मारणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज घुमत राहतो, त्याला बारीक आवाज कळत नाही. म्हणून हाक एकाची, कान दुसऱ्याचे! आतून काही आलं नाही की चाचा ओरडायचे, "खाली है!" शंका आली तर म्हणायचे, "एक बार और!" मग दादा परत हाक मारायचा. चाचांचं 'खाली है' आल्याशिवाय बबन किल्लीला हात लावत नसे.

आता सिन्नरची एक शेड तयार उभी आहे. लाइट तोडली, पाणी तोडलं, चारी बाजूंनी पत्रे ठोकले. सोमवारी काम सुरू करायचं, पण हाक कोण मारणार?

बबन म्हणतो, "तूच मार, दिनू. आवाज बी त्याच्यावानीच हाय."

तीच तर अडचण आहे.

*

दादाला 'पाडणे' हा शब्द चालायचा नाही. एका शेठनं विचारलं, "किती दिवसांत पाडाल?" दादा म्हणाला, "शेठ, पाडतात त्या कैऱ्या. कारखाना उतरवतात." डोक्यावरचा भारा उतरवतो, बैलगाडीतून नवरी उतरवतो, तसा. आधी छप्पर, मग भिंती, मग खांब. जे शेवटी चढलं ते आधी खाली येणार.

सिमेंटचे जुने पत्रे तर तो एकही फुटू द्यायचा नाही. त्यांची धूळ छातीत बसते. पाईप घेऊन आधी पत्र्यांना अंघोळ घालायचा, मग अख्खा पत्रा तान्ह्या पोरासारखा खाली द्यायचा. आई एकदा साईटवर डबा घेऊन आली आणि बघत राहिली. म्हणाली, "घरी शेवंतीवर पाणी मार म्हटलं की हा पळून जायचा!"

ही रीत बबनच्या अंगात इतकी भिनली की दाढ काढायला गेला तेव्हा खुर्चीत बसून डॉक्टरांना म्हणाला, "पाडू नका हां, उतरवा. आन् आधी हाक मारून बघा, आत कोणी हाय का."

डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं. म्हणाले, "आहे ना! कीड आहे!"

*

निफाडकडे एक बंद साखर कारखाना उतरवला. मळीची मोठी टाकी होती. अशा टाकीला थेट गॅस कटर लावायचा नाही, आत पेट घेणारी वाफ धरलेली असते. पाणी भरायचं, सोडायचं, परत भरायचं. रोज तेच. त्या दिवसांत सगळी दुनिया गोड झाली होती. शर्ट गोड, भाकरी गोड. दुपारी मधमाश्या यायच्या आणि उन्हात नुसत्या तरंगत राहायच्या. मला वाटायचं आपण कोणाच्या तरी झोपेत काम करतोय, आणि तो माणूस उठला की सगळं नाहीसं होणार.

रफिकचाचांना शुगर. टाकीजवळ उभे राहून ते लांब लांब श्वास घेत होते.

दादा वरून ओरडला, "चाचा, जपून! श्वाससुद्धा जेवणानंतर एकच घ्या!"

*

सातपूरला एका कारखान्याची विटांची चिमणी होती. आजूबाजूला घरं, म्हणून वरून एकेक वीट काढत खाली यायचं होतं. दादा पट्टा बांधून टोकावर चढला आणि चिमणीच्या तोंडात हाक मारली. चाचा खाली, राख काढायच्या दारापाशी कान लावून.

"एक बार और!"

दादानं परत हाक मारली. एका विटेच्या भोकातून एक चिमणी बाहेर आली, भुर्रकन एक चक्कर मारून परत आत गेली. आत पिल्लं होती. दादा खाली उतरला आणि हेल्मेट काढून बसला.

मालक गाडीतून उतरले. "काम का थांबलं?"

"चिमणीत चिमणी आहे."

"अहो, एका चिमणीसाठी चिमणी थांबवता?"

"शेठ," दादा म्हणाला, "लहान चिमणी आधी जाईल. मग मोठी."

पिल्लं उडेपर्यंत आम्ही बाजूची शेड उतरवली. मालक मात्र रोज सकाळी गाडीतून मान वर करून विचारायचे, "उडाली का हो?" शेवटी शेवटी तर आमच्या आधी येऊन उभे असायचे!

*

पिंपळगावचं कोल्ड स्टोरेज. तिथला अमोनिया जाणकारांनी आधीच काढून नेला होता, तरी आम्ही दोन्ही दारं उघडी ठेवून वारा खेळू दिला होता. मग दादा शेवटच्या खोलीत शिरला आणि ते हातभर जाडीचं दार त्याच्या मागे आपोआप लोटलं गेलं.

चाचा बाहेर कान लावून उभे. हाक नाही. चाचांना वाटलं, संपत अजून मारतच नाहीये. आत दादानं हाक कधीच मारली होती. त्याला वाटलं, चाचा अजून ऐकतायत. हा त्यांच्या 'खाली है'ची वाट बघतोय, ते ह्याच्या हाकेची! रीत ती रीत. दोघंही हलायला तयार नाहीत. बबन पोकलेनमध्ये घोरायला लागला.

जेवायची वेळ झाली तसा मी वैतागून दार ओढलं. दादा एका जुन्या क्रेटवर बसला होता. अंधारात द्राक्षांचा शिळा वास होता आणि भिंती कशा कापसासारख्या गप्प.

"अरे, काय करतोस इथे?"

"बस जरा," दादा म्हणाला. "इथे हाक मारली ना दिन्या, तर तोंडातून निघते आणि कुठं जाते कळतच नाही."

मी बसलो. बाहेरून चाचांचा आवाज आला, "अरे, अब तो दोनों गुम हो गए!"

*

हाकेला माणसानं उत्तर दिलं ते अंबडला. कारखाना बंद होऊन वर्षं झाली होती. दादा आतून हाका मारत चालला होता. चाचा बाहेरून म्हणाले, "एक बार और."

"आत कोणी आहे का?"

"आहे ना!" आतून म्हातारा आवाज आला. "चहा सांगू का?"

टाइम ऑफिसमध्ये खाकी शर्ट घालून एक आजोबा बसले होते. तिथले जुने वॉचमन. कारखाना बंद झाला, सगळे गेले, ह्यांना कोणी 'जा' म्हणालंच नाही. मग ते येतच राहिले. सकाळी डबा घेऊन यायचे, संध्याकाळी जायचे.

मला हसू आलं. दादानं माझ्याकडे असं बघितलं की हसू जागच्या जागी गेलं. आजोबांना म्हणाला, "बाबा, आत धूळ होईल. तुमची ड्युटी आता गेटवर."

खुर्ची गेटपाशी ठेवली, त्यांना एक हेल्मेट दिलं. छप्पर गेलं, भिंती गेल्या, कंपाउंडसुद्धा गेलं. गेट मात्र दादानं ठेवलं. मोकळ्या मैदानात नुसतं गेट उभं! चारी बाजूंनी वाट मोकळी, बकऱ्या येत होत्या, जात होत्या. पण दादा रोज सकाळी गेटसमोर मोटरसायकल थांबवून हॉर्न द्यायचा, आजोबा कुलूप काढायचे, सलाम ठोकायचे, मग आम्ही आत.

शेवटच्या संध्याकाळी आजोबांनी गेटला कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली दादाच्या हातात दिली.

"सगळं बंद केलंय," म्हणाले.

दादा म्हणाला, "मग आता तुम्ही जा, बाबा."

आजोबा इतके खूश झाले! कोणीतरी शेवटी म्हणालं होतं.

*

दादा कशानं गेला, असं लोक विचारतात. कारखाने उतरवणारा माणूस, म्हणजे अंगावर काहीतरी पडलंच असणार. काही पडलं नाही. रविवार होता. ओट्यावर खुर्चीत बसून वहिनीला शेवग्याच्या शेंगा मोडून देत होता. अर्धी शेंग हातात राहिली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

बबन आला, खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिला. "बसल्या जागी उतरला माणूस," म्हणाला. "धूळ बी नाय उडाली."

अमरधामात सरण रचून झालं. दादाची मुलगी लहान, म्हणून अग्नी मी द्यायचा. चाचा मागे गेटपाशी उभे होते, टोपी हातात घेऊन. मी मडकं घेऊन फेऱ्या मारल्या, मडकं फोडलं. गुरुजींनी पेटता पलिता हातात दिला आणि म्हणाले, "हं, लावा."

माझा हात पुढे जाईना. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. लाइट तोडली, पाणी तोडलं, पत्रे ठोकले, आणि काहीतरी राहिलंय. मग आठवलं. मी विचार केलाच नाही, सरणाच्या उशाशी वाकलो आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडलो,

"आत कोणी आहे का?"

मामा धावत आले. आई मटकन खाली बसली. गुरुजी म्हणाले, "अहो, हे काय!" बबननं सगळ्यांना हातानं मागे सारलं. "थांबा," म्हणाला. "अजून चाचांचं आलं नाय."

लाकडं नुसती उन्हात पडलेली. चाचा गर्दीतून पुढे आले, सरणाजवळ उभे राहिले आणि मान तिरकी करून कान दिला, रोज देतात तसा. आम्ही वाट बघत होतो. पलित्याचं तेल माझ्या मनगटावर ठिबकत होतं. चाचा ऐकत होते.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक बार और."

मी परत हाक मारली.