कोबी आत्यांचा, कौतुक माझं

"घरी ये, आई चक्कर येऊन पडली," एवढंच हे फोनवर बोलले. राहुरीला मी औषधांच्या दुकानात काम करते. तिथून कोल्हारला घरी पोचेपर्यंत मी मनाची समजूत घालत होते, ऊन लागलं असेल, साखर कमी झाली असेल... दारात माणसं जमली होती, तरी मला खरं कळलं ते स्वयंपाकघरात. परातीत अर्धा चिरलेला कोबी होता आणि शेजारी विळी उभी होती. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, विळी आडवी केल्याशिवाय कधी उठल्या नाहीत. घराला आग लागली असती तरी आधी विळी आडवी केली असती, मग बादली शोधली असती. विळी उभी होती, म्हणजे आत्या गेल्या होत्या.

मी नगरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. माहेरी ओट्याशी उभं राहून सुरीनं चिरायची सवय. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, सून म्हणून शहाणपणा दाखवायला विळीवर बसले आणि कोथिंबिरीबरोबर तळहातही चिरून घेतला. आत्यांनी हळद दाबली, पदर फाडून बांधला आणि पुढच्या बाजाराला मला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेल्या. पिशवीत घरातला एक पिकलेला टोमॅटो होता. दुकानदारानं चकचकीत, रुंद पात्याच्या सुऱ्या मांडल्या. त्यातली सगळ्यात मोठी उचलून आत्यांनी लगेच परत ठेवली. "ही दाखवायला बरी हाय." मग एकेक सुरी माझ्या हातात धरायला लावली. मूठ मुठीत बसते का, बोट पात्याकडं घसरतं का, हे त्या वाकून बघत होत्या. मग टोमॅटो काढला.

"मावशी, सुरी घ्यायची का इथंच भाजी टाकायची?" दुकानदार वैतागला.

"आधी टमाटं दबलं आन मंग कापलं, तर ती सुरी काय कामाची? तुमच्या फळीवर शोभंल."

शेवटी लाकडी मुठीची, पातळ पात्याची एक मधली सुरी आणि टोमॅटोसाठी बारीक दात्यांची एक छोटी, अशा दोनच घेतल्या. "घरच्या सैपाकाला दोन बास. बाकीच्या गंजत्यात." घरी आल्यावर ती सुरी माझ्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली, मूठ माझ्याकडं करून. "हातात दिली की भांडान लागतं. आपल्याला एकाच घरात ऱ्हायचंय." ती पद्धत आम्ही दोघींनी शेवटपर्यंत पाळली.

रोजचं माझं त्या सुरीवर छान चालायचं. पण आमच्या भावकीत बाईची परीक्षा विळीवर होते. कार्य असलं की जी ती आपली नाव घातलेली विळी घेऊन येते, गोल बसतात आणि कोण किती बारीक चिरतं ते न बघितल्यासारखं बघतात. घरच्या पहिल्याच पूजेला आत्या पहाटे उठून केसासारखा कोबी चिरून बसल्या होत्या. कोशिंबीर खाताना कुणीतरी विचारलं, "कोबी कुनी चिरला गं?"

"वैशालीनं," आत्या म्हणाल्या. मी तोंड उघडलं, तर त्यांनी डोळे वटारले.

पुढच्या वेळी डोळे वटारावे लागले नाहीत. तिसऱ्या वेळी तर मी लाजून हसलेसुद्धा. आयतं कौतुक कुणाला नको असतं! पुढं पुढं मी भावकीतल्या बायकांना सांगायलाही लागले, विळीला जरा तिरकं बसावं म्हणजे काप पातळ पडतो. त्या मान डोलवायच्या. हे लिहितानाही माझे कान तापलेत.

आत्यांच्या तेराव्याला बायका आपापल्या विळ्या घेऊन आल्या. आत्यांच्या चुलत जाऊबाई, नानी, सगळ्यात थोरल्या. त्यांनी आत्यांची विळी माझ्यासमोर सरकवली आणि त्यावर कोबीचा गड्डा ठेवला. "बस. तुज्यासारका कोबी कुनाला जमत न्हाई."

बसले. जरा तिरकी बसले. पहिले काप पडले ते गुरांपुढं टाकावेत असे. गोलातल्या विळ्यांचा आवाज हळूहळू थांबला. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नानी, मला येत नाही," मी म्हणाले. "इतकी वर्षं आत्याच चिरायच्या."

"ठाव हाय," नानी मान वर न करता म्हणाल्या. "तिच्या हातचा काप आमी वळखत न्हाई व्हय? तुजं नाव घेताना ती लई खूश व्हायची. म्हनून तर दरवेळी इचारायचो."

...म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माझं ते लाजून हसणं, ती तिरकं बसण्याची शिकवणी, सगळं त्यांनी आत्यांसाठी निमूट ऐकून घेतलं होतं. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आत्या गेल्यापासून न आलेलं रडू तिथं कोबीवर आलं. कांदा असता तर निदान सबब तरी मिळाली असती.

"जा, तुजी सुरी आन," नानी म्हणाल्या. मी ती आणली. बघायला म्हणून नानींनी हात पुढं केला, तर सवयीनं मी सुरी खाली ठेवली, मूठ त्यांच्याकडं करून. त्यांनी ती मुठीला धरून उचलली. "हे मातर तिच्याकडनं शिकलीस," म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

विळी आता ओट्याखाली असते, आडवी. तिच्यावर बसायचं धाडस अजून होत नाही, आणि लाजही वाटते. परवा ह्यांचे मित्र जेवायला आले होते. कोशिंबिरीचा घास घेऊन भिडेखातर म्हणाले, "वहिनी, कोबी काय बारीक चिरलाय!"

"नाही हो, जाडच आहे," मी म्हणाले. "बारीक आमच्या आत्या चिरायच्या. माझं नाव व्हायचं तेव्हाही त्याच चिरायच्या."

हे चमकून माझ्याकडं बघायला लागले. इतक्या वर्षांत हे वाक्य ह्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच बोलले होते. आत्या असत्या, तर त्यांनी मला ते बोलूच दिलं नसतं.